वाट मोकळी झाली म्हणतात

उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर दिपमाला अक्कांनी ललिताचा हात धरला. अक्का मंडळीतल्या वडीलधाऱ्या. कोणाकडे आजारपण असो की बाळंतपण, पहिला डबा त्यांचाच यायचा. ललिताची मुलगी नूतन गेली तेव्हा घरात कितीतरी दिवस गॅस पेटला नव्हता, नवरा-बायको जगले ते अक्कांच्या डब्यांवर. म्हणून ललिताने हात सोडवून घेतला नाही.

"ओडिशाहून पुन्हा बोलावणं आलंय म्हणे," अक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "बघ पोरी, देवाच्या मनातलं आपल्याला कळत नाही. लेकरापायी तुम्ही इतकी वर्षं अडकून पडला होता. आता त्याने तुम्हाला मोकळं केलं."

ललिता पायऱ्या उतरली. खाली तिचा नवरा ईश्वर स्कूटर काढून उभा होता. ती मागे बसली, पण रोजच्यासारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, सीटमागची दांडी धरली. पांझरेच्या पुलावरून दोघं तसेच घरी आले.

ईश्वर धुळ्यातल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होता आणि ललिता तिथेच सिस्टर. तो मूळचा शिरपूरच्या पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा. आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणणं म्हणजे काय, हे त्याने लहानपणी खांद्यावर झेललं होतं. चर्चच्या वसतिगृहात राहून तो शिकला, तिथेच त्याला प्रभू भेटला असं तो सांगायचा. ललिता जळगावची, दोन पिढ्यांपासूनच्या ख्रिस्ती घरातली.

लग्न झालं त्याच उन्हाळ्यात दोघं ओडिशातल्या कोरापूटच्या डोंगरात एका लहान मिशन दवाखान्यात शिबिरासाठी गेले होते. तिथे एक वयस्कर डॉक्टर होते आणि रक्त तपासायला धड माणूस नव्हता. लोक डोंगर उतरून यायचे आणि व्हरांड्यात निमूट बसून राहायचे. ईश्वरला त्यांच्यात आपलाच पाडा दिसला. निघायच्या दिवशी दोघांनी डॉक्टरांसोबत गुडघे टेकले आणि शब्द दिला की आम्ही परत येऊ, कायमचे.

मग नूतन झाली. आधी ती लहान म्हणून, मग तिला दम लागायचा म्हणून, मग शाळा मराठी म्हणून, जाणं दरवर्षी पुढच्या वर्षावर जात राहिलं. त्याचं दोघांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण घर हसतं होतं. नूतन मोठ्याने गाणारी, भांडणारी, बापाच्या लॅबमध्ये जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी मुलगी होती.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला डेंग्यू झाला. ज्या वॉर्डात ललिता ड्युटी करायची त्याच वॉर्डात ती होती. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. रक्ताचा नमुना खाली लॅबमध्ये यायचा आणि ईश्वर स्वतः तो मशीनला लावायचा. प्लेटलेटचा आकडा खाली खाली जात होता. एकदा त्याला वाटलं मशीनच चुकतंय. त्याने तोच नमुना पुन्हा लावला. मशीन चुकत नव्हतं.

कोरापूटच्या डॉक्टरांचा फोन आला तो नाताळानंतर. त्यांचं लॅबचं काम बघणारा मुलगा सोडून गेला होता, जुन्या सिस्टर थकल्या होत्या. "तुमच्यावर काय गुदरलंय ते मला माहीत आहे," ते म्हणाले, "म्हणून आग्रह नाही. फक्त विचारून ठेवतो."

तेव्हापासून ईश्वर शुक्रवारी उपास धरू लागला. पहाटे उठून बायबल घेऊन बसायचा. देवाने मार्ग दाखवावा म्हणून मागायचा, आणि दिवसेंदिवस त्याची खात्री पटत चालली होती की हेच ते बोलावणं. ललिता त्याच्या शेजारी बसायची, डोळे मिटायची आणि आमेन म्हणायची. तिच्या मनात काय आहे हे त्याने विचारलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी जेवताना ती म्हणाली, "अक्का काय म्हणाल्या माहीत आहे? देवाने आपल्याला मोकळं केलं."

ईश्वरच्या हातातला घास हातातच राहिला. "त्यांना तसं म्हणायचं नसेल."

"त्यांचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

त्याने घास परत ताटात ठेवला. "तिच्या जाण्याला काहीतरी अर्थ असेल ना, ललिता? नुसतंच कसं जाईल लेकरू? तिथे जाऊन चार माणसं वाचली, तर निदान म्हणता येईल की ह्याच्यासाठी होतं."

"म्हणजे आपण शब्द पाळला नाही, म्हणून त्याने तिला नेलं?"

"मी असं म्हणत नाहीये."

"असंच म्हणताय तुम्ही. पोर आडवी येत होती, ती बाजूला केली." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मग मी तिथे जाऊन कोणाची सेवा करू? माझ्या मुलीला ज्याने अडचण म्हणून उचललं, त्याची?"

ईश्वर उठून गॅलरीत गेला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या संध्याकाळी दोघांनी एकत्र प्रार्थना केली नाही.

तीन-चार दिवस असेच गेले. मग ईश्वरनेच विषय काढला, "जीवराम आबांकडे जाऊन येऊ या. ते सांगतील ते ऐकू."

जीवराम आबा त्यांचे जुने पाळक. त्यांनीच दोघांचं लग्न लावलं होतं, नूतनला पहिल्यांदा मांडीवर घेऊन देवाला समर्पित केलं होतं. निवृत्त होऊन ते बायकोच्या माहेरगावी, बोदवडला जाऊन राहिले होते. हल्ली त्यांना विसर पडतो असं कानावर होतं. किती, ते माहीत नव्हतं. ललिता नाही म्हणाली नाही. तिलाही कोणाला तरी विचारायचंच होतं.

शनिवारी सुट्टी टाकून दोघं निघाले. एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथून पॅसेंजरने बोदवड. कापूस वेचून झालेली शेतं उघडी पडली होती. नूतन सोबत असती तर खिडकीसाठी भांडली असती, हे दोघांच्याही मनात आलं आणि दोघांनीही खिडकी सोडून दिली.

आबा अंगणात कडुलिंबाखाली खाटेवर बसले होते. अंगात पांढरा सदरा, पाय वाळून काटकुळे झालेले. त्यांनी ईश्वरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सलाम, सलाम! ईश्वर ना तू? आणि ही ललिता. ये बेटा, ये."

त्यांनी ओळखलं म्हणून ईश्वरला एवढा आनंद झाला की तो खाली वाकून त्यांच्या पायाशीच बसला. आबांची बायको नानीबाई पाणी घेऊन आल्या. नूतनचं त्यांना कळलं होतं. त्यांनी ललिताला जवळ घेतलं.

आबांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि ती कुठंय, आपली गाणारी? नूतन? आणली नाही तिला?"

ईश्वरने ललिताकडे पाहिलं. नानीबाई पुढे होणार, तेवढ्यात ललिता म्हणाली, "शाळेत आहे, आबा."

"बरोबर. परीक्षा जवळ आली असेल." आबांनी समजल्यासारखी मान डोलावली. "मग तिच्यासाठी प्रार्थना करू या. या, जवळ या दोघं."

त्यांनी एक हात ईश्वरच्या डोक्यावर ठेवला, एक ललिताच्या. अलीकडचं सगळं विसरणारे आबा प्रार्थनेचे शब्द विसरले नव्हते. पूर्वीसारखंच सावकाश, एकेक गोष्ट देवापुढे ठेवत ते बोलू लागले. हे बापा, ह्या लेकराला निरोगी ठेव, तिचा दमा बरा कर, तिचा गळा तुझ्या स्तुतीसाठी असाच गोड राहू दे, तिला शिकव, मोठी कर, तिला दीर्घायुष्य दे, तिच्या आईबापाच्या म्हातारपणी ती त्यांच्याजवळ असू दे.

ईश्वर त्या हाताखालून उठला आणि घराच्या मागे निघून गेला. आबांचे डोळे मिटलेले होते, त्यांना कळलं नाही. ललिता शेवटपर्यंत बसून राहिली. प्रार्थना संपली तेव्हा तिने स्पष्ट आवाजात "आमेन" म्हटलं, आबांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग मागे गेली.

मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीला टेकून ईश्वर रडत होता. नूतनला माती दिली तेव्हाही तो असा रडला नव्हता. नानीबाई त्याच्यामागोमाग येऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी ललिताला शेजारी जागा करून दिली.

"आम्ही आबांना विचारायला आलो होतो," ईश्वर डोळे पुसत म्हणाला. "आता तुम्हीच सांगा, नानी. आम्ही जावं म्हणून देवाने तिला नेलं का?"

 नानीबाईंचा मुलगा कुंदन कॉलेजात असताना हायवेवर अपघातात गेला होता. धुळ्याच्या मंडळीतल्या जुन्या लोकांना ते माहीत होतं, पण आबा-नानींसमोर तो विषय कोणी काढत नसे.

"कुंदन गेला तेव्हा मला एकीने सांगितलं, देवाला फुलं आवडतात म्हणून तो खुडतो," नानीबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, माझ्याच दारातलं दिसलं का त्याला? घरी येऊन मी ह्यांना धरलं. म्हटलं, तुम्ही एवढी वचनं सांगता लोकांना, मला सांगा, का नेला? हे म्हणाले, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मला माहीत नाही. मी विचारायची सोडली नाही आणि त्यांनी एकदाही माझ्यासाठी कारण रचलं नाही. पाळक माणूस, त्यांना काय अवघड होतं? पण नाही रचलं. म्हणूनच मी त्यांच्यासोबत राहिले, नाहीतर माहेरी निघून आले असते."

"पण काम तर करत राहिलात तुम्ही दोघं," ललिता म्हणाली.

"सकाळी कोणीतरी दारात यायचं, म्हणून केलं. कुंदनसाठी नाही केलं. त्याच्या बदल्यात तर नाहीच नाही." नानीबाईंनी पदराने नाक पुसलं. "आता हे रोज विचारतात, कुंदन आला का? आधी मी खरं सांगायची. मग ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे धाय मोकलून रडायचे, आणि चहा होईपर्यंत विसरायचे. रोज त्यांचं लेकरू नव्याने जायचं. आता सांगते, येईल संध्याकाळपर्यंत. पाप लागत असेल तर मला लागू दे."

त्यांनी दोघांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना आबांनी पुन्हा विचारलं, नूतनला का आणलं नाही. ह्या वेळी ईश्वर म्हणाला, "पुढच्या वेळी, आबा."

स्टेशनावर गाडीला उशीर होता. फलाटावर दोन-चारच माणसं, उन्हात पसरलेली गोणपाटं, लांब कुठेतरी मालगाडीचा आवाज. दोघं सिमेंटच्या बाकावर बसले.

"मी तिची किंमत मागत होतो देवाकडे," ईश्वर म्हणाला. "ती गेली, तर तिच्या बदल्यात मला काहीतरी दे, असं."

ललिताने त्याच्याकडे पाहिलं. "मला जायचंय."

त्याला वाटलं, ती गाडीबद्दल बोलतेय.

"कोरापूटला. मला तिथे जायचं होतंच. नूतन असती तरी, आज ना उद्या, तिला घेऊन. तो व्हरांडा मी विसरलेले नाही. पण तुम्ही ते कारण सोबत घेऊन येणार असाल तर मी येणार नाही. तिथे एखादा माणूस बरा झाला आणि तुम्ही मनात म्हणालात की ह्याच्यासाठी नूतन गेली, तर मला ते तुमच्या तोंडावर दिसेल. मी तिथे जगू शकणार नाही."

"कारण सोडलं तर माझ्या हातात काहीच राहत नाही, ललिता."

"माझ्या हातात कुठे काय आहे?"

गाडी आली. डब्यात गर्दी नव्हती. भुसावळ गेल्यावर तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती झोपलेली नाही हे त्याला माहीत होतं.

त्याने कोरापूटला होकार कळवला. चर्चमध्ये निरोपाचा रविवार ठरला. अशा वेळी जाणाऱ्यांनी साक्ष द्यायची रीत असते, देवाने कशी वाट दाखवली ते सांगायचं. ईश्वर पुढे गेला, माईक हातात घेतला. "लग्नाच्या वर्षी आम्ही देवाला शब्द दिला होता," तो म्हणाला. "मग आम्हाला मुलगी झाली." इथे त्याने माईक खाली घेतला.  बाकांवरून कोणीतरी हळूच "हालेलुया" म्हणालं.

ललिता उठली आणि त्याच्या हातातून माईक घेतला. ती कधी चर्चमध्ये बोललेली नव्हती.

"आम्ही जातोय, कारण तिथे सिस्टर नाही आणि रक्त तपासायला माणूस नाही," ती म्हणाली. "आम्हाला स्वप्न पडलं नाही, आवाज आला नाही. बरोबर करतोय की चूक, हेही आम्हाला माहीत नाही. आणि एक विनंती आहे. आमच्यामागे कोणी असं म्हणू नका की देवाने आम्हाला मोकळं केलं. नूतन आमची अडचण नव्हती. ती असती तर आम्हाला पाहिजे होती. देवाने तिला का नेलं हे आम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. एवढंच."

ती खाली येऊन बसली. पाळकांना पुढचं गीत सुचायला वेळ लागला. दिपमाला अक्का मान खाली घालून बसल्या होत्या. नंतरच्या जेवणाला त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात आल्या, हातात डबा. आत यायला तयार होईनात. "मला बोलता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं दुःख बघितलं की मी घाबरते, आणि तोंडाला येईल ते बोलून जाते." ललिताने डबा घेतला आणि त्यांना हाताला धरून आत आणलं. दोघी स्वयंपाकघरात बसून होत्या. नूतनचं नाव निघालं आणि अक्का तिच्या गाण्याच्या गोष्टी सांगत राहिल्या, ललिता ऐकत राहिली.

राहिला होता तो ईश्वरचा बाप, ठाकऱ्या. निघायच्या आदल्या आठवड्यात दोघं पाड्यावर गेले. ठाकऱ्या कधी ख्रिस्ती झाला नाही. पोराने आपला देव निवडला, त्यावर त्याने कधी तक्रार केली नाही. त्याची पावसावरची शेती, उन्हाळ्यात मोह. ते पोचले तेव्हा तो अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होता. त्या आंबूस-गोड वासाने सगळं अंगण भरलं होतं. ईश्वर त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि हाताने फुलं पसरवत त्याने सगळं सांगितलं, कुठे जातोय, किती लांब आहे, कधी येता येईल.

ठाकऱ्याने देवाबद्दल काही विचारलं नाही. "तठे पानी शे का?" त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर त्याने मान हलवली. मग फुलांवरचा हात थांबवून तो म्हणाला, "पोरकडे कोन देखी?"

नूतनची कबर धुळ्याला होती. दोघं दर रविवारी दुपारी तिथे जायचे, पाला झाडायचे, पाणी घालायचे. इतक्या दिवसांच्या उपासात, प्रार्थनेत, भांडणात हा प्रश्न दोघांनीही एकमेकांना विचारला नव्हता. विचारला असता तर निघणं झालं नसतं. ललिता तिथेच मातीत बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊ लागली. ईश्वर तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसला.

ठाकऱ्या उठला, आतून पाण्याचा तांब्या आणून सुनेसमोर ठेवला. सासऱ्याने सुनेच्या डोक्याला हात लावायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती, पण त्याने लावला.

"रडू नको, बेटा," तो म्हणाला. "मी जासू. शिरपूरथून बस शे ना."

"बा, तिथे खूप कबरी आहेत. तुम्हाला वाचता येत नाही, सापडेल कशी?" ललिताने रडतच विचारलं.

"माले मालूम शे," ठाकऱ्या म्हणाला, आणि पुन्हा फुलं पसरवायला बसला.

संध्याकाळच्या बसने दोघं परत निघाले. ठाकऱ्या डांबरी रस्त्यापर्यंत सोबत आला होता. बस वळेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उभा होता, हात न हलवता. शिरपूर मागे पडलं. तापीच्या पुलावर बस आली तेव्हा पाण्यावर थोडा उजेड शिल्लक होता.

"प्रार्थना करू का?" ईश्वरने हळूच विचारलं.

"करा," ललिता म्हणाली. "पण काही मागू नका."

त्याने डोळे मिटले. बराच वेळ त्याला एकही शब्द सापडला नाही, आणि ती त्याच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून, वाट बघत राहिली.